झबलं खाली, वाट मोकळी

आप्पा जेवायला बसले की आम्ही ओळखायचो, वर गेलेली सगळी विमानं खाली आली. त्याआधी त्या माणसानं कधी तोंडात घास घातला नाही. फडक्यात बांधलेला डबा टेबलावर तसाच असायचा, भाकरी वातड होत जायची, आणि आप्पा दारातल्या खुर्चीत मान वर करून बसलेले असायचे. बायका वडाला वर्षातून एकदा उपास करतात. आप्पा रोज करायचे, तोही चार विमानांसाठी.

शिरूरहून दौंडकडे निघालं की भीमा यायच्या आधी एक उजाड माळ लागतो. तिथं आमचा विमानतळ. विमानतळ म्हटल्यावर डोळ्यासमोर काचेच्या भिंती आणि सरकते जिने आणू नका. एक धावपट्टी, एक पत्र्याची मोठी शेड, तीन खोल्या आणि एक कडुलिंब, एवढाच पसारा. तो एका नगरपालिकेच्या मालकीचा होता. कोणत्या ते सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून मला ओळखतात.

ही पट्टी झाली दुष्काळी कामातून. गावातल्या म्हाताऱ्या अजून सांगतात की खडी आम्ही फोडली, पाट्या आम्ही वाहिल्या, आणि विमान म्हणजे काय ते आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. रस्ता म्हणून काम सुरू झालं, आणि हा रस्ता कुठंच जात नाही हे बायकांच्या लक्षात आलं तेव्हा तो पुरा झाला होता. मग एकदा एक मंत्री उतरले, हार-तुरे झाले, बँड वाजला. पुढची कित्येक वर्षं त्या पट्टीवर गावानं कांदा वाळवला, पोरांनी पोलीस भरतीसाठी पळायचा सराव केला, शर्यतीचे बैल पळवून पाहिले. शेवटी पट्टी नगरपालिकेच्या गळ्यात पडली आणि नगरपालिकेनं ती विमान शिकवणाऱ्या एका संस्थेला भाड्यानं दिली.

आप्पा नगरपालिकेचे. मूळचे जकात नाक्यावरचे कारकून. जकात गेली, नाके उठले आणि नाक्यावरच्या माणसांना जिथं जागा मिळेल तिथं कोंबलं. आप्पांच्या वाट्याला माळ आला. दारावर 'विमानतळ अधीक्षक' अशी पाटी लागली. विमानातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते तसं उघड सांगायचे. पण नाक्यावर एक गोष्ट त्यांच्या हाडात मुरली होती. आत गेलेलं बाहेर आलं पाहिजे. न्हाई आलं तर मधी कुठंतरी घोटाळा हाय.

मी तिथं रेडिओच्या खोलीत होते. परीक्षा देऊन लायसन काढलेलं, घर शिरूरला, रोज स्कूटीवर ये-जा. वरून पोरं बोलायची, मी खालून उत्तर द्यायची. मी मुळात भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आई माझ्याकडे बघूनच म्हणायची. पण आप्पांच्या हाताखाली आल्यावर मला कळलं की आपण या विद्येत बिगरीतच आहोत.

त्यांना भुताखेतांची भीती नव्हती. माळावरच्या पिंपळाखाली ते खुशाल दुपारची डुलकी काढायचे. त्यांची भीती साध्यासुध्या गोष्टींची होती. पट्टीवरचा खडा, मोराची जोडी, पेटवलेल्या उसाच्या फडाचा धूर, संक्रांतीच्या पतंगाचा मांजा. मांजासाठी तर ते दरवर्षी गावातल्या शाळेत जाऊन भाषण द्यायचे आणि पोरं दुसऱ्या दिवशी पतंग उडवायलाही घाबरायची. एकदा हेडमास्तर तक्रार घेऊन आले की पहिलीतलं एक पोर आभाळाकडे बघून रडतंय. आप्पा म्हणाले, ते पोर शहाणं आहे.

बिबट्याची गोष्ट वेगळी. ती भीती सगळ्या तालुक्याचीच. माळ उजाड असला तरी त्याच्या तिन्ही कडांना ऊस, आणि उसात काय बसलंय हे कुणी सांगावं? पलीकडच्या गावांत बाया खुरपायला जाताना गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालायच्या. आमच्या मागच्या बाजूचा संडास उसाला लागून होता. आप्पांनी तिथं जायचा नियमच करून टाकला. एकट्यानं जायचं नाही, आणि जाताना बैलाच्या गळ्यातली घाट वाजवत जायचं. ती घाट त्यांनी घरून आणून खिळ्याला टांगली होती. दिल्लीकडची, गुजरातकडची पोरं शिकायला असायची, ती हसायची. एका संध्याकाळी कुंपणाशी अर्धवट खाल्लेलं वासरू सापडलं. त्यानंतर सगळ्यात जोरात घाट वाजवणारा पोरगा दिल्लीचा होता.

त्यांचा आणखी एक छळ होता. विमानात बसण्याआधी प्रत्येकानं त्यांच्यासमोर येऊन 'येतो' म्हणायचं. आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, तशातलं. पण ही पोरं हिंदी बोलणारी. 'आप्पा, जाता हूँ' असं कुणी म्हणालं की आप्पा त्याला परत बोलवायचे. पंखा फिरायला लागलेला असला तरी हात आडवा करून उभे राहायचे. शेवटी पोरांनी शिकून घेतलं. टोपी, चष्मा, गळ्यात हेडफोन आणि तोंडात 'आप्पा, आता हूँ.' शिकवणारे कॅप्टन वैतागायचे. तेही उत्तरेकडचे, तरुण, घड्याळावर चालणारे. ते मला इंग्रजीत म्हणायचे की हा माणूस आमच्या मुलांना भित्रं करतोय. मी ते आप्पांना सांगितलं तर आप्पांना बरंच वाटलं.

रेडिओवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. माझ्या खोलीत ते उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. मी एखादं विमान पाच मिनिटांत उतरतंय असं सांगितलं तर ते म्हणायचे, तुझ्या पेटीतनं आवाज येतोय, इमान अजून आलेलं न्हाई. आवाजावर पावती फाडत न्हाईत. स्वतःच्या डोळ्यांनी शेडमधली विमानं बघायची आणि मगच डब्याची गाठ सोडायची, हा त्यांचा हिशेब.

आता त्या झबल्याचं सांगते. विमानतळावर वारं कुठून येतंय ते दाखवायला खांबावर एक कापडी नळा लावलेला असतो. दोन्ही तोंडं उघडी, रंग नारिंगी-पांढरा. गावानं त्याचं नाव ठेवलं झबलं. हे झबलं आमच्याकडे दोन कामं करायचं आणि दुसरं काम कोणत्याच नियमात नव्हतं.

झालं होतं असं की गावाची जुनी गाडीवाट बरोबर पट्टीच्या मधून जायची. पलीकडे नदीकाठाला भैरोबाचं देऊळ आणि गावाचं स्मशान. वाट पट्टीच्या आधीची, आणि ती तुटली हे गावानं कधी मान्य केलं नाही. आप्पा यायच्या आधी रोज भांडणं व्हायची, शेडवर दगड पडायचे. आप्पांनी गावच्या पारावर बसून एक तोड काढली. झबलं वर असलं की पट्टी विमानांची. झबलं खाली असलं की वाट गावाची. बस. तिथून पुढं एक दगड पडला नाही. मयत असली की निरोप यायचा, आप्पा आभाळ रिकामं करायचे, झबलं उतरवायचे, तिरडी पलीकडे जायची आणि माणसं परत आली की झबलं वर. गावातल्या पोरांना बाराखडी यायच्या आधी हे कळायचं. झबलं खाली, वाट मोकळी.

हे सगळं ज्या एका दुपारी आमच्या अंगावर आलं, ती चैत्रातली. भैरोबाची यात्रा होती. दरवर्षी त्या दिवशी आप्पांनी दुपारपासून उड्डाणं बंद ठेवायची, झबलं उतरवायचं आणि पालखी, गाडे, ढोल, लेझीम असं सगळं गाव पट्टी ओलांडून देवळाला जायचं, अशी पद्धत. त्या सकाळी आप्पा पालखीची वेळ ठरवायला गावात गेले. सगळी पोरं दुपारच्या आत खाली येणार असं कॅप्टननी कबूल केलं होतं.

त्या बॅचला प्रज्ञा होती. दौंडची, वडील रेल्वेत. शिष्यवृत्तीवर आलेली आणि आमच्याकडे मराठी बोलणारी तेवढी एकच. तिचे वडील दर रविवारी डबा घेऊन यायचे, मला 'जय भीम ताई' म्हणायचे आणि कडुलिंबाखाली बसून विमानांकडे न बघता पोरीकडे बघायचे. प्रज्ञाचं त्या दिवशी एकटीनं लांब जायचं पहिलं उड्डाण होतं. सकाळी निघायचं, पण तिच्या विमानाची बॅटरी उतरलेली निघाली. ती चार्ज करण्यात वेळ गेला आणि ती निघाली तेव्हा आप्पा गावातच होते. 'येते' म्हणायचं तर समोर कुणी नव्हतं.

ती गेल्यावर थोड्या वेळानं दुसऱ्या एका संस्थेचं विमान आमच्याकडे उतरलं. त्यांच्या माणसाला इंजिनाचा आवाज बरा वाटत नव्हता. आमच्या विमानांसारखंच पांढरं, तसाच लाल पट्टा. ते शेडमध्ये प्रज्ञाच्या विमानाच्या जागी लावलं, कारण तीच एक जागा रिकामी होती.

आप्पा परत आले ते उन्हानं लाल होऊन. पट्टीवर हवा तापून हलत होती. त्यांनी दारातून शेडकडे पाहिलं. चार विमानं. मला विचारायचा प्रश्नच नव्हता, त्यांनी मला कधी विचारलंच नव्हतं. माझ्या खोलीची खिडकी पट्टीच्या दौंडकडच्या टोकाला, खांब मागच्या बाजूला. आप्पांनी दोरी सोडून झबलं उतरवलं, घडी घालून खाली ठेवलं, हात धुतले आणि डब्याची गाठ सोडली. यातलं मला काही दिसलं नाही.

मला ढोल ऐकू आला. मला वाटलं, गावातूनच येतोय. प्रज्ञा तेव्हा परतीच्या वाटेवर होती आणि रेडिओवर तिचा आवाज निवांत येत होता. मग खिडकीतला उजेड बदलला. दौंडकडचं आभाळ खालून तांबूस व्हायला लागलं होतं. वळीव येत होता, आणि त्याच्यापुढं धुळीची भिंत. मी प्रज्ञाला वादळ येतंय, सरळ ये, असं कळवलं. ती म्हणाली, येते. आणि थोड्या वेळानं तिचा आवाज आला तो मी अजून विसरले नाही.

"ताई, पट्टीवर माणसं आहेत. पट्टीभर माणसं आहेत."

मी खोलीबाहेर धावले. आख्खं गाव पट्टीवर होतं. मधोमध पालखी, गुलाल, पुढं लेझमाची पोरं, मागं बैलगाड्या, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. आणि त्यांच्या डोक्यावरून प्रज्ञाचं विमान एवढ्या खालून वर चढलं की ढोल बंद पडला. मागं वळून पाहिलं तर दारात आप्पा उभे. हातात भाकरीचा तुकडा. त्यांनी विमानाकडे पाहिलं, मग शेडकडे, मग परत विमानाकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. माणसाचा चेहरा इतका रिकामा होतो हे मला माहीत नव्हतं.

कॅप्टन जीप घेऊन पट्टीवर घुसले, हॉर्न दाबून धरलेला, तोंडानं हिंदीत शिव्या. पण गाव जागचं हलेना. हलणार कशाला? झबलं खाली होतं. त्यांच्या दृष्टीनं चुकीच्या जागी होती ती जीप. पालखीचे मानकरी तात्या, सत्तरीचे, ते तर जीपसमोर हात पसरून उभे राहिले. वाट आमची आहे, तुमचं विमान चुकीचं आलंय, असं ते कॅप्टनला समजावत होते.

आप्पा खांबाकडे पळाले. त्या वयात त्यांना पळताना मी पहिल्यांदा पाहिलं. झबलं दोरीला अडकवायला त्यांना वेळ लागला. ते वर चढलं आणि त्याच क्षणी धुळीचं वारं पोचलं. झबलं फाडकन फुगलं. आणि पट्टीवरच्या एकानं ते पाहिलं. ओरडायची गरजच पडली नाही. हॉर्ननं जे झालं नाही ते एका कापडानं झालं. बायांनी लेकरं उचलली, पालखी वळली, दोन्ही बाजूंच्या गवतात गाव उतरलं. मधोमध उरली फक्त एक बैलगाडी. विमानाच्या आवाजानं बिथरलेले बैल पाय रोवून उभे होते.

मी परत रेडिओवर आले. प्रज्ञा रडत होती. मला जमणार नाही, मला काही दिसत नाही, एवढंच म्हणत होती. मला ठरलेली वाक्यं पाठ होती, ती मी म्हणत राहिले, पण माझाच आवाज फुटत होता आणि तो ऐकून ती आणखी घाबरत होती. तेवढ्यात माझ्या मागं कुणाचा तरी श्वास ऐकू आला. आप्पा उंबरा ओलांडून आत आले होते. त्यांनी माईक धरायला हात पुढं केला. बटण कुठलं ते त्यांना कळेना, म्हणून ते मी दाबून धरलं आणि ती बोलली की सोडत गेले.

"पोरी, आप्पा बोलतोय. मला लय भ्या वाटतंय. माझं हातपाय लटलटत्यात. तुझं?"

मग ती म्हणाली, "माझेपण."

"मग बरं हाय. भ्यालेलं माणूस नीट बघतं. मगाशी मी भ्यालो न्हवतो, म्हणून चुकलो. आता दोघंबी भ्यालोय, तवा सावकाश करू. खाली बघ. झबलं दिसतंय का?"

"दिसतंय."

"वारं कुनीकडनं हाय?"

"दौंडकडून."

"मग तू कुनीकडनं येशील?"

"शिरूरच्या बाजूनी."

"एक घिरटी मार. सावकाश. तेवढ्यात मी बैलं काढतो. आन् मग ये."

माईक माझ्या हातात देऊन ते गेले. त्यांनी गाडीवानाला बाजूला केलं, जू मोकळं केलं. बैल सुटले ते उसातच शिरले. मग आप्पा, तात्या आणि शिव्या विसरलेले कॅप्टन, तिघांनी मिळून गाडी ढकलत गवतात नेली. प्रज्ञा शिरूरच्या बाजूनं आली. वाऱ्यानं कडेवर घेतल्यासारखं विमान हलत होतं. चाकं टेकली, उचलली, पुन्हा टेकली आणि विमान धुळीत दिसेनासं झालं. धूळ सरली तेव्हा ते पट्टीच्या टोकाशी उभं होतं, पंखा थांबलेला. मग पावसाचे थेंब पडायला लागले.

त्यानंतरचं मला जास्त भीतीचं वाटतं, म्हणून सांगते. प्रज्ञा सुखरूप उतरल्यावर कॅप्टनचा राग परत आला. संस्थेच्या मालकांचा फोन आला. पट्टीवर घुसणाऱ्या गावावर गुन्हा दाखल करायचा, तात्यांचं नाव पहिलं, असं बोलणं चालू झालं. झबलं कुणी उतरवलं ते कुणी विचारत नव्हतं. यात्रेला, तिरडीला उड्डाणं थांबतात एवढंच मालकांना आणि कॅप्टनना ठाऊक होतं, झबल्याचा करार माहीतच नव्हता. आप्पा गप्प राहिले असते तर सगळं त्यांच्या अंगावरून गेलं असतं. प्रज्ञा त्यांच्या पाया पडायला आली तर ते मागं सरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या पाया पडू नको. झबलं मी उतरवलं. तू वर हायेस हे मला ठावं न्हवतं."

संध्याकाळी तात्या आणि गावातली चार माणसं फाटकाशी आली. त्यांनी आपसात ठरवलं होतं. पोरांनी मस्तीत दोरी सोडली असं गाव सांगेल, दंड झाला तर गाव भरेल, आप्पांची नोकरी राहील. मी मनात म्हटलं, हो म्हणा आप्पा. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, घरी बायको आजारी होती. आप्पांनी तात्यांचा हात धरला.

"तात्या, आजवर तुम्ही त्या झबल्यावर इश्वास ठेवला, का तर ते कवा खोटं बोललं न्हाई. आज बोललं. आता त्याच्यापायी तुम्हीबी खोटं बोलायला लागला, तर उद्या लेकरांनी काय बघून पट्टी वलांडायची?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः नगरपालिकेत गेले आणि सगळं सांगून आले. त्यांना माळावरून काढलं, पुढं थोड्या दिवसांत मुदतीआधीच घरी बसवलं. पट्टीला दोन्ही बाजूंनी उंच जाळीचं कुंपण आलं. झबलं तेव्हापासून कायम वर. गावाची वाट बंद झाली आणि देवळाला, स्मशानाला जायचं तर वळसा घालून डांबरी रस्त्यानं, असं झालं. कागदावर सगळं ठीक झालं. प्रज्ञा शिकून बाहेर पडली, आता मोठी विमानं उडवते. मी पुण्याला नोकरी धरली.

डांबरी रस्ता म्हणजे काय ते मी त्या रस्त्यानं रोज गेलेली आहे. एकामागं एक दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, पुढं मोठ्यानं लावलेली गाणी. कारखान्यांच्या बसगाड्या. कुंपण झालं त्याच्या पुढच्याच हंगामात तात्या भैरोबाला दिवा लावून परत येताना त्या रस्त्यावर ट्रॅक्टरखाली गेले. रस्ता रिकामा दिसला म्हणून त्यांनी पाऊल टाकलं, असं पाहणारे सांगतात. मला ही बातमी फोनवर कळली. मी आप्पांना फोन केला नाही.

यंदा पौषात शिरूरला आले होते. स्कूटी काढली आणि उगीच माळाकडे निघाले. नदीकडे वळायच्या जागी रस्त्याच्या कडेला दहाबारा माणसं थांबलेली दिसली. टोपल्या घेतलेल्या बाया, शाळेतली पोरं, एक तिरडीमागून परतलेला माणूस, ओले केस. त्यांच्यापुढं हातात लाल फडकं घेऊन आप्पा. खूप वाळलेले. त्यांनी फडकं आडवं केलं आणि माझी स्कूटी थांबवली.

मी नाव सांगितलं. कधी आलीस, म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही, नजर रस्त्यावर. एका बाईनं मला हळूच सांगितलं की तात्या गेले तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ उभे असतात. घरचे नेतात, परत येतात. त्यांनी सोडल्याशिवाय पलीकडे जायचं नाही. आधी लोक हसले, आता थांबतात.

रस्ता शिरूरकडे वळणापर्यंत आणि दौंडकडे पुलापर्यंत मोकळा होता. एक कुत्रं नव्हतं. आम्ही थांबलो होतो. पोरं चुळबुळ करायला लागली. टोपली घेतलेली बाई म्हणाली, "आप्पा, काय न्हाई वो. समदं रिकामं हाय. सोडा की."

"रिकामं दिसतंय," आप्पा म्हणाले. "म्हणूनच थांबा."

मी स्कूटीचं इंजिन बंद केलं आणि त्या सगळ्यांबरोबर कान देऊन उभी राहिले.